मागच्या भिंतीतलं भोक

आमच्या घरात एसी येणार हे घरातल्या माणसांपैकी मला सगळ्यात शेवटी कळलं. आता घरात माणसं दोनच, मी आणि बायको. म्हणजे बघा.

मुलीने मुंबईत घर बदललं. नव्या घरात एसी आधीपासूनच होते, म्हणून तिचा जुना, खिडकीत बसवायचा एसी तिने टेम्पोत घालून थेट महाडला धाडला. टेम्पो दारात उभा, मी विचारतोय हे खोकं कुणाचं, आणि बायको पदर खोचून टेम्पोवाल्याला सांगतेय, "सांभाळून उतरव रे, पुढच्या खोलीत ठेव." म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं. तेव्हाच मनाशी म्हटलं, इथं कुठेतरी पाणी मुरतंय.

पुढची खोली म्हणजे माझं वर्कशॉप. मी पेट्या दुरुस्त करतो, हार्मोनियम हो. महाड-पोलादपूरच्या वाड्यावाड्यांतून भजनी मंडळांच्या पेट्या माझ्याकडे येतात. कुणाचा भाता फुटलेला, कुणाच्या पट्ट्या अडकलेल्या, कुणाचे सूर उतरलेले. गणपतीआधी तर खोलीत पाय ठेवायला जागा नसते. आणि आमच्याकडची श्रावणातली हवा अशी, की सरस धरत नाही, भात्याचं कापड सुटतं आणि पेटीच्या आतल्या पितळी सुरांवर, म्हणजे हवेने थरथरून वाजणाऱ्या पात्यांवर, हिरवट गंज चढतो. तेव्हा एसी लावला तर हवा कोरडी राहील, हे मलाही कळत होतं. मी काही खुळा नाही. पण इतकी वर्षं ही हवा ओलीच होती ना? तेव्हा कुणाला पेट्यांचा कळवळा आला नाही. मग आत्ताच कसा आला?

मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्हाला आराम मिळावा म्हणून." ही हल्ली फोनवर ओरडूनच बोलते. मुंबईत राहून सवय लागली असेल. आणि आराम! हा शब्द ऐकला की माझ्या अंगावर काटा येतो. ज्याला घरी बसवायचं असतं त्याला आधी आराम सांगतात.

कारण सांगतो. बिरवाडीत कारखान्यात कामाला येणाऱ्यांना खोल्या पुरत नाहीत. ते आता महाडात येऊन खोल्या शोधतात. आमच्या शेजाऱ्याने तर गाडी ठेवायच्या जागेला भिंती घातल्या आणि तिथं भाडेकरू बसवले. त्याची बायको माझ्या बायकोला एकदा म्हणालेली मी स्वतः ऐकलंय, "तुमची पुढची खोली केवढी मोठी हाय गो, नुसत्या पेट्याच भरल्यात." त्यावर माझी बायको हसली होती. हो नाही, काही बोलली नाही, नुसती हसली. आता त्या खोलीत एसी आला, तर पेट्या काढल्या की भाड्याची खोली तयार. हा हिशेब मला न कळायला मी काय आज जन्माला आलो?

आणि एवढंच असतं तर एक वेळ सोडून दिलं असतं. पण दोन-तीन महिन्यांपासून माझ्या लक्षात येत होतं, की माझ्या वर्कशॉपमध्ये कुणाचा तरी हात फिरतोय. दुपारी जेवून मी वर्कशॉपच्या भिंतीला लागून असलेल्या मागच्या पडवीत खाटेवर पडतो. उठून येऊन बघावं तर माझी बारीक कानस जागेवर नाही. एकदा ती बायकोच्या सरसाच्या भांड्याशेजारी सापडली. विचारलं, तर म्हणे, "वाळलेला सरस खरवडायला घेतली." सरस खरवडायला सुरी असते, कानस नव्हे, हे हिला मी सांगायला हवं? दुसऱ्या दिवशी मागच्या कोपऱ्यात, ती भाते चिकटवायला बसते त्या चटईवर पितळेचा बारीक पिवळा भुगा दिसला. पितळ घासतो फक्त मी, आणि मी घासतो खिडकीशी, माझ्या टेबलावर. मग चटईवर कोण बसलं होतं?

माझी खात्री पटली, की मी झोपलो की इथं कुणीतरी येतं. माझी हत्यारं हाताळतं, पेट्या उघडून बघतं. वर्कशॉप विकत घेणाराच असणार. हत्यारांसकट.

त्यात ही फोन मला घेऊ देईना. फोन माझा, माझ्यासमोर टेबलावर पडलेला, आणि ही आतून पळत येऊन उचलणार. "तुमचाच आहे," म्हणून हातात देणार, पण आधी स्वतः बोलून. पोलादपूरच्या वरच्या वाडीतले एक बुवा आहेत, भजनी मंडळाचे, माझं फार जुनं गिऱ्हाईक. ते पेटी न्यायला आले की माझ्याशी दोन शब्द बोलायचे, पैसे द्यायचे, आणि दारात बायकोशी कुजबुजत उभे राहायचे. "वहिनी, काय टेन्शन नाय ना?" एवढं एकदा त्यांच्या ओठांवरून कळलं. ही मान हलवून "नाही, नाही" म्हणाली. मी आतून विचारलं, "कसलं टेन्शन हो बुवा?" तर ते दचकले आणि म्हणाले, "काय नाय मास्तर, घाटात पाऊस लय हाय." घाटातल्या पावसाचं टेन्शन माझ्या बायकोला कशाला असेल?

तर अशा सगळ्या वातावरणात तो एसी कुठे बसवायचा हा प्रश्न उभा राहिला.

बिरवाडीचा एसीवाला आला. पोट सुटलेला, डोक्यावर चष्मा चढवलेला माणूस. त्याने खोलीत पाऊल टाकलं आणि न मापता, न विचारता म्हणाला, "काका, ह्या खिडकीत." बायकोही लगेच, "हो हो, खिडकीतच." इतकं पटकन दोघांचं जुळलं की मला हसूच आलं. मी म्हटलं, "तुमची आधी बैठक झाली वाटतं?"

तो म्हणाला, "काका, खिडकीचा एसी हाय, खिडकीत नाय लावायचा तर कुठं लावायचा?"

खिडकीशी माझं टेबल. म्हणजे यंत्र थेट माझ्या कानाशी. त्यांना समजावून सांगितलं. पेटीत एकाच पट्टीला दोन-दोन सूर असतात. दोन्ही एकत्र वाजवले आणि जुळलेले नसले, तर आवाजात एक बारीक लाट ऐकू येते, थरथरणारी. पितळ टोकाशी घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. घासत जायचं, ऐकत जायचं. लाट मंद होत होत थांबली की सूर लागला. माझं सगळं पोट त्या लाटेवर चाललंय. यंत्र कानाशी घरघरायला लागल्यावर लाट काय कपाळ ऐकू येणार?

बायको खाली बघत राहिली. एसीवाल्याने तिच्याकडे बघितलं. पुन्हा तेच! या दोघांना माझ्या तोंडावर बोलायला काय होतं कोण जाणे.

आणि खिडकीतला एसी गल्लीतून येणाऱ्याजाणाऱ्याला दिसणार, हे मी बोललो नाही, पण ओळखलं. खोली दाखवायची तर बाहेरून दिसलेली बरी.

"मागच्या भिंतीत," मी म्हणालो. "टेबलापासून सगळ्यात लांब."

यावर बायकोचा चेहरा जो उतरला! मागच्या भिंतीशी तिची चटई. तिथं बसून ती भात्याचं कापड चिकटवते, चामडं कापते, आणि सकाळी मी सूर लावायला बसलो की टेबलाशी येऊन भाता ओढते, म्हणजे माझे दोन्ही हात मोकळे राहतात. लग्न झाल्यापासूनची आमची ही पद्धत. ती ओढते, मी ऐकतो, घासतो, आणि "लागला" म्हणतो. हल्ली "लागला" म्हटल्यावरही ती भाता तसाच धरून माझ्या तोंडाकडे बघत राहते. मी विचारतो, "काय गं?" तर म्हणते, "काही नाही."

"मागे नको हो," ती म्हणाली. "पडवीत तुम्ही दुपारी झोपता. गरम हवा तुमच्या अंगावर येईल."

"खाट सरकवीन."

"पाणी ठिबकेल."

"बादली लावीन."

"अहो, चांगली चिऱ्याची भिंत फोडायची कशाला? मी तिथं बसते ना, ती घरघर माझ्या डोक्यावर होईल."

"तुला काय सूर लावायचेत?" मी म्हटलं.

डोळ्यांत पाणी आलं तिच्या, मी बघितलं. आणि बघून काय केलं, तर आणखी संशय घेतला. एका भोकासाठी बाई रडते, म्हणजे त्या कोपऱ्यात नक्की काहीतरी आहे. मी एसीवाल्याला म्हटलं, "पाड भोक. आजच."

आता भोक किती उंचावर? एसीवाला म्हणाला कमरेइतकं. मी त्याला भिंतीवरची रेघ दाखवली. महाडात प्रत्येक घरात ती आहे, पुराचं पाणी जिथवर चढलं होतं तिथं. आमच्याकडे छातीच्या जरा खाली. आम्ही नवा रंग दिला तरी ती रेघ ठेवली. रेघेच्या खाली मोलाची वस्तू ठेवायची नाही, हा इथला शिरस्ता. विजेचे बोर्डसुद्धा इतके वर नेलेत की पाहुण्याला बटण सापडत नाही. "रेघेच्या वर घ्या," मी म्हटलं. बिरवाडीचा असला तरी त्यालाही हे सांगावं लागलं नाही फार. "समजलं," म्हणाला आणि माझ्या डोळ्यांच्या उंचीला खूण केली.

त्या दिवशी चिऱ्याची तांबडी धूळ घरभर झाली. भातात, दुधात, माझ्या भुवयांत. दुपारपर्यंत भिंतीतून आरपार चौकोन निघाला. लाकडी चौकट लागणार होती. एसीवाला म्हणाला सुतार आणतो. मी म्हटलं, मी आयुष्यभर लाकूडच कापतोय, चौकट मी करतो. तो परवा येतो सांगून गेला. मी भोकावर पडवीच्या बाजूने गोणपाट लटकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या वाडीच्या बुवांची पेटी सुरात लावून टाकली. बायको भाता ओढत होती. अगदी वरच्या टोकाच्या पट्ट्या राहिल्या होत्या. ते सूर नखाएवढे असतात, त्यांना घासायचं म्हणजे जीव मुठीत धरून. मी लावले. "लागला," म्हटलं. शेवटचाही लागला. पेटी बंद करून मागच्या कोपऱ्यात ठेवली.

जेवलो. खाटेवर पडलो, पण झोपायचं नव्हतं. आज बघायचंच होतं कोण येतं ते. पुढच्या दाराकडे कान लावून पडलो. माझे कान शाबूत आहेत, हायवेवर ट्रकने ब्रेक मारला तरी मला घरात कळतो. बराच वेळ गेला. दार वाजलं नाही, कुणाचं पाऊल नाही. पण मागच्या कोपऱ्यातून पेटीचा आवाज आला, खालच्या सुरांचा, हळू. म्हटलं, आला! दार न वाजवता आत शिरला असणार चोर. चप्पल न घालता उठलो, भिंतीशी गेलो आणि गोणपाटाचं टोक उचललं.

आत बायको होती. एकटीच.

चटईवर मांडी घालून बसलेली, पुढ्यात बुवांची पेटी, झाकण उघडलेलं. डाव्या हाताने भाता, उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर. मांडीवर माझी कानस. खालच्या पट्ट्यांवरून ती एकेक करत वर चालली होती. मला ऐकू येत होतं. मधलं सप्तक ऐकू आलं. पुढचे सूर बारीक होत गेले. मग तिने आणखी वरची पट्टी दाबली आणि आवाज थांबला.

मला वाटलं भाता थांबला. पण भाता चालू होता. तिचा हात हलत होता, पट्टी खाली दबलेली होती. तिने तोंड वाकडं केलं, काहीतरी आंबट लागावं तसं. आतला सूर काढला, कानशीने दोनदा हलकेच घासला, परत घातला, पट्टी दाबली. मान तिरकी करून ऐकत राहिली. मी श्वास रोखून ऐकत होतो. मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. तिने पुन्हा घासलं, पुन्हा दाबलं, आणि हळूच मान डोलावली. लागला होता सूर. माझ्यापासून हातभर अंतरावर, भिंतीच्या पलीकडे, लागला होता.

खरं सांगतो, आधी रागच आला. माझ्या पेटीला हात? मी "लागला" म्हटलेल्या सुराला? गोणपाट फाडून आत ओरडावंसं वाटलं. मग तिने पुढची पट्टी दाबली, तीही मला ऐकू आली नाही, आणि गोणपाटाचं टोक मी हळूच सोडलं. खाटेवर येऊन बसलो. सकाळी मी या सुरांना लागला म्हटलं होतं. काय ऐकून म्हटलं होतं? काहीच नाही. बोटांच्या सवयीने घासलं होतं आणि तोंडाच्या सवयीने म्हटलं होतं. किती दिवस? किती पेट्या? माझं सगळं ज्या लाटेवर चाललं होतं ती लाट कधी गेली तेच मला कळलं नव्हतं, आणि मी चोर शोधत होतो. रडू आलं मला. इतका म्हातारा माणूस, गोणपाटाआड बसून रडलो.

चहाच्या वेळी तिने विचारलं, "लागली का झोप?" मी म्हटलं, "लागली." आणि चौकट करायला घेतलीच नाही.

एसीवाला ठरल्याप्रमाणे आला. भोक बघितलं, चौकट नाही बघितली, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "खिडकीत बसव."

"अहो काका! मग ही भिंत कशाला फोडली?"

बायको पुढे झाली. तिला वाटलं माझं डोकं फिरलंय. "राहू दे हो," ती म्हणाली. "भोक पाडलंच आहे तर बसवा मागेच. माझं काय, मी घेईन चालवून."

"कसं चालवून घेशील? तुझ्या कानाशी घरघर येईल."

"येऊ दे. मला काय करायचंय कानाचं?"

"वरचे सूर कसे लागतील मग?" मी म्हणालो.

ती जागच्या जागी उभी राहिली. एसीवाला बिचारा एकदा हिच्याकडे, एकदा माझ्याकडे. मी त्याला म्हटलं, "तू खिडकीचं बघ रे बाबा. माझ्या टेबलाशी बसव. मला आवाजाने काही फरक पडत नाही."

तो कामाला लागल्यावर ती चटईवर बसली आणि तिने सगळं सांगितलं. गेल्या गणपतीनंतर बुवा पेटी परत घेऊन आले होते. मी बाजारात गेलो होतो. वरच्या पट्ट्या बेसूर वाजतात, म्हणाले, पण मास्तरांना कसं सांगायचं, त्यांच्या तोंडावर कसं बोलायचं? हिने पेटी ठेवून घेतली, दुपारी उघडली, इतकी वर्षं भाता ओढताना माझे हात बघितले होते, तसं करत गेली. "पहिला एक सूर तोडला मी," ती म्हणाली. "तुमच्या डब्यातला दुसरा घातला. मग जमायला लागलं." मग बुवांनी आणखी दोन-तीन मंडळांना सांगितलं, की मास्तरांना काही बोलू नका, वहिनी बघून घेतात. मुलीला माहीत होतं. एसीही म्हणून आला, की गंजलेला सूर नीट बोलत नाही आणि हिच्या नवख्या कानाला ते फार जड जायचं.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. कट होता खरा, माझा संशय खोटा नव्हता. फक्त तो माझं वर्कशॉप बंद पाडायचा नव्हता, चालू ठेवायचा होता.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तुम्ही ऐकलं असतंत?" ती म्हणाली. मग तिलाच ते कसंसं वाटलं आणि तिने माझा हात धरला.

एसी खिडकीत बसला. टेबलावरचा उजेड कमी झाला, गल्लीतल्या बायका येता-जाता बघून जातात, आणि घरघर माझ्या उजव्या कानाशी दिवसभर चालू असते. ती मला व्यवस्थित ऐकू येते. मागच्या भोकाला मी पडवीकडून फळी ठोकली आणि आतून कोनाडा ठेवला. तिची कानस तिथं असते, रेघेच्या वर.

त्या पहिल्या दिवशी एसीवाला गेल्यावर मी एक पेटी उचलली आणि मागच्या कोपऱ्यात नेली. तिला पुढ्यात बसवलं आणि स्वतः पलीकडे बसून भात्याला हात घातला.

"अहो, हे काय?" ती म्हणाली. "तुम्ही भाता ओढणार?"

"तू किती वर्षं ओढलास? दाब पट्टी. वरची."

तिने दाबली. मला काही ऐकू आलं नाही. मी भाता ओढत राहिलो आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"लागला की सांग," मी म्हटलं.